गणपतरावांची स्वेच्छा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या खाडीकाठ हॉकी संघाचे आधारस्तंभ माननीय शिरीषराव मोघे, प्रमुख पाहुणे आणि जुफैरच्या क्लबचे सचिव जनाब अर्सलानसाहेब, पुनर्बांधणी समितीचे सर्व सन्माननीय सदस्य, ज्यांच्यासाठी अख्खी पहिली रांग राखूनसुद्धा दोघांना दुसऱ्या रांगेत बसावं लागलं, सत्कारमूर्ती श्री. गणपत मेस्त्री, जमलेले बंधुभगिनी आणि मागे भिंतीला टेकून उभी असलेली माझी सात पोरं,

मला बोलायला दोन मिनिटं दिली आहेत. वर शिरीषरावांची सूचना आहे, "मेधाताई, गोड बोला हं." आता गोड बोलायला ही काय संक्रांत आहे का? पण अध्यक्षांचा शब्द मी मोडणार नाही. जमेल तितकं गोड बोलते.

ज्यांना मी माहीत नाही त्यांना सांगते, मी या संघाची मॅनेजर. मॅनेजर म्हणजे संत्री सोलणं, बर्फाची पिशवी धरणं, पंचांशी भांडणं आणि सगळं सामान स्वतःच्या गाडीत घालून फिरणं. माझा खरा धंदा वेगळा. आखातात आल्यापासून अदलियातल्या एका ऑफिसात मी इमारतींची स्ट्रक्चरल डिझाइनं करते. त्यामुळे समितीने 'पुनर्बांधणी' हा शब्द काढला तेव्हा मला मनापासून आनंद झाला. म्हटलं, चला, माझ्या विषयावर कुणीतरी बोलतंय! आमच्याकडे जुनी इमारत दुरुस्तीला घेतली की आधी बघतात, भार कुठल्या खांबावर आहे. मग तो खांब सोडून बाकीचं पाडतात. आपल्या समितीनेही तो खांब अगदी बरोबर शोधला. शोधला, आणि जुफैरला देऊन टाकला.

गेल्या मोसमात सहा संघांत आपण सहावे आलो, हे मान्य. काहीतरी करायलाच हवं होतं. म्हणून अकरा जणांची समिती नेमली. मैदानावर अकरा, समितीत अकरा. फरक एवढाच की समितीतला कुणी कितीही वाईट खेळला तरी त्याला बदलता येत नाही. या समितीने तीन बैठका घेतल्या, समोसे खाल्ले आणि ठरवलं की नऊ मोसम आपला गोल राखणारा माणूस त्रेचाळीस वर्षांचा झालाय, तेव्हा त्याची अदलाबदल करावी. बदल्यात आपल्याला काय मिळालं? एक फॉरवर्ड, आणि पुढच्या मोसमात जुफैरच्या पसंतीचा एक तरुण खेळाडू. त्यांच्या पसंतीचा बरं का, आपल्या नाही. म्हणजे जो त्यांना नको असेल तो.

फॉरवर्ड आला, संदेश. पोरगा गुणी आहे, फार वेगाने पळतो म्हणतात. 'म्हणतात' असं म्हणते, कारण मी त्याला सामन्यात पळताना पाहिलेलं नाही. संदेश विमानतळावर कामाला आहे आणि त्याची शिफ्ट असते शुक्रवारी दुपारी दोन ते रात्री दहा. आपले सामने कधी असतात? शुक्रवारी संध्याकाळी. आता समितीने चौकशी केली नाही असं कुणी म्हणू नये. भरपूर केली. गाव कुठलं विचारलं, आडनावावरून मूळ घराणं काढलं, मामा कुठे असतात ते विचारलं, आणि तो चिपळूणकडून आपल्या चिटणीसांच्या मावसबहिणीच्या नात्यात निघाला. झालं! सगळ्यांना इतका आनंद झाला की व्यवहार तिथल्या तिथे पक्का. दोन बँकर, चार इंजिनियर, एक डॉक्टर, पण "बाळा, तुझी ड्युटी कधी असते?" एवढं विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. अर्सलानसाहेबांना मराठी येत नाही, म्हणून ते हसतायत. साहब, आप मुस्कुराते रहिए, सौदा आपका अच्छा हुआ है.

बरं, ज्याची अदलाबदल केली त्याला तरी विचारलं का? छे! गणपतरावांना ही बातमी व्हॉट्सअ‍ॅपच्या पोस्टरवरून कळली. आपलं पोस्टर तुम्ही पाहिलं असेलच. मध्ये त्यांचा फोटो, भोवती झेंडूच्या फुलांची चौकट, खाली दोन समया आणि ओळ अशी: "स्वेच्छेने नव्या वाटचालीस निघालेल्या आमच्या लाडक्या गोलरक्षकास." हिद्दच्या वर्कशॉपमध्ये त्यांच्या शेजारी वेल्डिंग करणारा रहिमतुल्ला आहे. त्याने ते पोस्टर पाहिलं आणि धावत येऊन गणपतरावांचा हात धरला. तुम्ही जिवंत आहात ना, एवढंच त्याला बघायचं होतं.

समितीने बारीकसारीक गोष्टींचाही किती विचार केलाय! आज सत्कारात शालीबरोबर श्रीफळ दिसणार नाही. नारळ दिला तर लोक भलता अर्थ काढतील, असं कुणीतरी सुचवलं, म्हणून खजुराचा डबा ठेवलाय. खजूर उत्तम आहे. मीच आणलाय.

तर हे सगळं कशासाठी? इतिवृत्तात लिहिलंय, "युवा खेळाडूंना संधी मिळावी म्हणून." तेव्हा आता त्या युवा खेळाडूंबद्दल बोलू. नाहीतरी त्यांच्या नावाने इतकं चाललंय तर त्यांची आठवण काढायला हरकत नाही.

मागे उभे आहेत ते सात जण, पंधरा ते अठरा वयाचे. त्यातला बचावफळीतला उंच मुलगा माझा, वरुण. ही मुलं इथे जन्मली, इंग्रजी शाळेत गेली. आपण मराठीत विचारतो, ती इंग्रजीत उत्तर देतात. घरी आईबाप बोलले तर कानात ते इअरफोन घालून बसतात. पण वर्कशॉपमधून दमून आलेला हा माणूस मालवणीत ओरडला की सातही जण जागचे हलतात. गणपतरावांची एक पद्धत होती. आपल्यावर गोल झाला की जाळ्यातला चेंडू ते स्वतः काढायचे, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. मग ज्याच्या चुकीने गोल झाला त्याच्याकडे चालत जायचे, चेंडू त्याच्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, "पाणी पी आणि परत उभो ऱ्हव." बस्स. ना शिवी, ना उपदेश. वरुणला मी सतरा वर्षांत जे शिकवू शकले नाही ते त्या सहा शब्दांनी शिकवलं, हे मी आई म्हणून सांगते आणि मला त्याची थोडी लाजही वाटते.

गणपतराव गेल्यानंतरचा पहिला सामना समितीपैकी तिघांनी पाहिला. बाकीच्यांना कामं होती. गोलात होता या सातांतलाच स्वरूप, वय सोळा. सामन्याआधी शिरीषरावांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "तुझ्यासाठीच जागा मोकळी केलीय रे, आता दाखव काय ते!" शिरीषराव, तुम्ही प्रेमानेच म्हणालात, मला माहीत आहे. मी शेजारीच उभी होते. पोराचा चेहरा तुम्ही पाहिला नाहीत, मी पाहिला.

नऊ गोल झाले. चौथ्या गोलानंतर आपली बचावफळी एकमेकांवर ओरडायला लागली, त्यात माझे चिरंजीव पुढे. नऊ वेळा स्वरूप मागे वळला, जाळ्यातून चेंडू काढला आणि तो कुणाकडे द्यायचा हे न कळून उभा राहिला. एकही जण त्याच्याजवळ गेला नाही. सामना संपल्यावर त्याने पॅड्स काढले, माझ्या गाडीच्या डिकीत ठेवले आणि म्हणाला, "आंटी, प्लीज गिव्ह इट टू समवन एल्स." त्यानंतर तीन सराव झाले, तो आला नाही. त्याची आई पूर्णिमा मला फोनवर म्हणाली, "जेवत नाही गं नीट. म्हणतो, माझ्यामुळे काकांना काढलं." आता सोळा वर्षांच्या पोराला हे कुणी सांगितलं? कुणीच नाही! आपण फक्त जागा मोकळी केली.

गेल्या मंगळवारी गणपतरावांचा मला फोन आला. "वैनी, गाडी काढशात काय? वाईच काम असा." मी हिद्दला गेले. हा माणूस कंपनीच्या कव्हरॉलमध्येच फाटकाशी उभा होता, हातात केळ्यांची पिशवी. म्हणाले, स्वरूपाकडे जाऊया. सलमानियाला पूर्णिमाच्या घरी पोचलो, सोफ्यावर बसलो. स्वरूप समोर मान खाली घालून. आणि गणपतरावांनी सुरुवात केली, "हे बघ, तुझो हेच्यात काय एक संबंध नाय. मियाच मागान घेतलंय. माझो गुडघो दुखता. जुफैरचा मैदान माका जवळ पडता, येवक जावक बरा."

मी चहाच्या कपात तोंड घातलं. अहो, आपलं मैदान हिद्दच्या त्यांच्या खोलीपासून दहा मिनिटांवर! जुफैरला जायचं तर पूल ओलांडून अख्ख्या मनामाच्या ट्रॅफिकमधून जायचं, आणि ते या माणसाने, ज्याच्याकडे गाडी नाही. पण स्वरूप "ओके काका" म्हणाला. केळं खाल्लं. परत येताना गणपतरावांनी माझ्याकडून वचन घेतलं, "वैनी, पोराक खरा सांगू नकात हां." मी म्हटलं, नाही सांगत.

काल संध्याकाळी स्वरूप माझ्या दारात. "आंटी, पॅड्स." मी डिकी उघडली. पॅड्स उचलून तो थांबला. एरवी तो मराठीत बोलत नाही, पण काल बोलला, तोडक्यामोडक्या मराठीत. म्हणाला, "काका खोटं बोलले. मला मॅप माहिती आहे ना. त्यांना वाटतं मला पटलं." मी विचारलं, मग तू पॅड्स का नेतोयस? म्हणाला, "ते माझ्यासाठी एवढं वाईट खोटं बोलले. मग मी उभं राहायला पाहिजे ना?" आणि जाता जाता, "डोन्ट टेल हिम, आंटी. प्रॉमिस." मी त्यालाही म्हटलं, नाही सांगत.

मग मी गप्पच बसणार होते, खरंच. आजचं भाषण मी चांगलं लिहून आणलं होतं, त्यात दोन सुभाषितंसुद्धा होती. पण आज दुपारी शिरीषरावांचा फोन आला. स्वरूप परत आल्याचं त्यांना कळलं होतं. म्हणाले, "बघा मेधाताई, मी म्हटलं नव्हतं? मुलांना संधी दिली की ती आपोआप उभी राहतात. समितीचं धोरण यशस्वी!" आणि हे वाक्य ते आपल्या अध्यक्षीय भाषणात बोलणार आहेत, लिहून आणलंय, त्यांच्या खिशात आहे. शिरीषराव, तो कागद तसाच राहू द्या. आपोआप कुणी उभं राहत नाही हो. त्याला उभं करायला एक माणूस बारा तासांची शिफ्ट करून केळी घेऊन गेला होता.

माझी दोन मिनिटं केव्हाच संपली. मागून घड्याळ दाखवताहेत, दिसतंय मला.

आभार मानायचे आहेत. हॉल दिला त्यांचे, समोसे केले त्या भक्तीताईंचे, अर्सलानसाहेबांचे, ज्यांनी आमच्या माणसाची किंमत आमच्या आधी ओळखली. साहब, इनका खयाल रखिएगा, घुटना सचमुच दुखता है. ती एक गोष्ट तेवढी ते खरी बोलले होते. उद्या साडेचारला आपला सामना जुफैरशीच आहे. एका गोलात गणपतराव, दुसऱ्या गोलात स्वरूप. समितीतल्या सगळ्यांनी या, अकराच्या अकरा. संदेश ड्युटीवर असेल, त्यामुळे जागा भरपूर आहे.

भाषणाच्या शेवटी चुकांबद्दल क्षमा मागायची रीत आहे. समितीची मी मागत नाही, तिच्याबद्दल जे बोलले त्यात काही चुकलं असं मला वाटत नाही. क्षमा दोघांचीच मागायची आहे. स्वरूप, तुला दिलेलं वचन मी तुझ्या काकांच्या समोर मोडलं. आणि गणपतराव, मान वर करा, तुम्हाला दिलेलंही मोडलं. तुमचं खोटं त्या पोराने पहिल्या मिनिटाला ओळखलं होतं, आणि तरीही समोर बसून ते सगळं ऐकून घेतलं, तुमचं मन राखायला. मला माफ करा दोघं. धन्यवाद.