हिरव्या बाणाले हात कोणी लावला?

…अन् वरून मलेच विचारते, "काकू, तुम्ही हात काहून लावला?" आता तुम्हीच सांगा, मी काय तिच्या कम्प्युटरचं वाईट चिंतून राहिली होती? मी फक्त पाहून राहिली होती, बाप्पा!

ही मिनल म्हणजे आमच्या शेजारची सून. इथं हुडकेश्वरले घरी बसूनच एका बस कंपनीचा तिकिटाचा प्रोग्राम सांभाळते, पायथनमधला. त्याची खोड अशी, की मधूनच एकच सीट दोघाले देऊन टाकते! काहून देते, कोणाले पत्ता नाही. साहेबानं सकाळीच दम भरला, "मिनल, मीटिंगपर्यंत कारण सापडलं नाही तर काम सौरवकडे जाईल." पोरीनं पाणीसुद्धा घेतलं नव्हतं हो! म्हणून मी चहा घेऊन गेली. भोचकपणा नाही… चहा!

तर म्हणे चूक पकडायच्या साधनाचं नवीन अपडेट आलं. "काकू, पहिले दर तिकिटाले प्रोग्राम थांबवा लागे. आता चालू प्रोग्रामलेच धरायचं, अन् सांगून ठेवायचं, सीट दोघाले गेली तरच थांब. मग तो तिथंच थांबते, अन् पोटातलं सगळं दाखवते." वा! हे दुसऱ्याच्या पोटात शिरलं तर अपडेट, अन् मी गेटवर कोणाले दोन गोष्टी विचारल्या तर आमचे मधुकरराव आतून ओरडते, "शोभा, घरात ये!"

बसलो आम्ही. तिचं दूध उतू गेलं, ती पळाली, अन् नेमकं तेव्हाच ते थांबलं! एका ओळीवर पिवळा पट्टा, सगळं गप्प. मले वाटलं, अटकलं बिचारं! वर हिरवा बाण होता… दाबला. चालू झालं! मी खुश, अन् ही दारातून, "काकूऽऽ! चूक हातात आली होती, तुम्ही सोडून देली!" डोळ्यात पाणी. पण मी म्हणते, एका बोटानं पळते ती चूक पकडली कशी म्हणायची? मी फक्त पाहूनच राहिली होती नं!

अन् मी उठली नाही. "चूक परत येतपर्यंत हालत नाही," म्हटलं. तर तिनं मेथीच्या जुड्या माझ्या मांडीवर टाकल्या! "हात गुंतलेले राहू द्या, काकू." असा अपमान! मीटिंग सुरू झाली, साहेब विचारते, "सापडलं का?" ही अं-अं करून राहिली, अन् तेवढ्यात पिवळा पट्टा! मी मेथीसकट ओरडली, "थांबला वंऽऽ!" साहेब दचकला. मिनलनं पोटात पाहिलं… दोघं एकाच क्षणी पैसे भरत, तेव्हा सीट दोघाले जाऊन राहिली होती. काम तिच्याजवळच राहिलं!

तेव्हापासून चूक पकडायची असली की हाक येते, "काकू, या नं!" मीही ताठ मानेनं जाते. मांडीवर कधी सांबार, म्हणजे तुमची कोथिंबीर, कधी आंबाडीची भाजी. आज तर म्हणे चूक लई मोठी आहे, लसूणच पाच किलो सोलाले काढून ठेवला… नखं वाढवा लागली बाप्पा मले, ह्या पायथनपायी!