पाळणाघराचं छप्पर आणि चौकशीचं बिल

...नाही, मी म्हणतो, माणसानं प्रश्न विचारूच नये का? विचारावा हो, पण आधी खिसा चाचपून विचारावा! तुम्हाला सांगतो, आमच्या अक्कानं, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीनं, एकच प्रश्न विचारला आणि अख्खं पाळणाघर घालवून बसली. नगरपालिकेचं पाळणाघर. झाडूवाल्या, धुणीभांडीवाल्या, इस्त्रीवाल्या, सगळ्या बायका सकाळी आपापलं पोर अक्काच्या ओटीत टाकून कामाला जायच्या.

तर त्याचं छप्पर गळायचं. नगरपालिकेनं नवं घातलं. कागदावर असं भक्कम, की वर हत्ती नाचवा! आणि प्रत्यक्षात? जुन्याच पत्र्याला निळा रंग! पुन्हा धार सुरू. पाळण्यात पाणी, पोरं खोकतायत, एका तान्हीला तर दवाखान्यात न्यावं लागलं... अक्का तडक सभेत उभी राहिली. "साहेब, छपराचे पैसे गेले कुठे?"

झालं! वरून चौकशी लागली. तुम्हाला काय वाटलं, एक माणूस येतो, वर बघतो आणि म्हणतो, "गळतंय बुवा"? छे! चौकशी अधिकारी आले, त्यांचे मदतनीस आले, मदतनीसांचे टंकलेखक आले, गाडी, विश्रामगृह... नगरपालिकेनं वकील दिला. सभासद म्हणाले, "आमच्या अब्रूचा प्रश्न आहे, आम्हालाही द्या!" त्यांनाही दिला, नगरपालिकेच्याच तिजोरीतून! म्हणजे खाल्लं कोणी ते शोधणारे आपल्या पैशानं, आणि "आम्ही नाही खाल्लं" म्हणणारेही आपल्याच पैशानं! सगळं ठीक... पण भरायचं कोणी?

अहवाल आला. "छपरावरील खर्चात अनियमितता आढळते, तथापि, कोणा एकास दोषी धरता येत नाही." तथापि! छपराखाली पोरं भिजली, पण त्या एका 'तथापि'खाली अख्खी नगरपालिका कोरडी!

आणि मागोमाग बिल. छपरापेक्षा मोठं! पण भरायचं कोणी? सरकार म्हणतं, "घोळ तुमचा, तुम्ही भरा." नगरपालिका म्हणते, "चौकशी तुम्ही नेमलीत, तुम्ही भरा." ठेकेदार म्हणतो, "मी दोषी ठरलोय का? नाही ना? मग नमस्कार!" शेवटी अध्यक्षांनी अक्काला बोलावलं. आवाज कसा, मधात बुडवलेला. "अक्का, एवढं सगळं तुमच्या पाळणाघरासाठीच झालं ना? मग खर्चही तिथूनच वळता करू. पाळणाघर तूर्त बंद."

तूर्त! या 'तूर्त'मध्ये माणसं म्हातारी होतात हो!

अक्का तिथं रडली नाही. घरी आली, दुपट्यांच्या घड्या घालत बसली. आम्ही बोलावं, तर ऐकूच जाईना तिला. आणि एक दिवस इस्त्रीवाली दारात. पोर कडेवर, पोराच्या हाताला ही जाडजूड पट्टी. "ठेवू कुठं, अक्का? कामावर घेऊन गेले. पाठ वळली तेवढ्यात इस्त्रीला हात लावला..."

अक्का उठली. बाहेरच्या खोलीतला पलंग ढकलून भिंतीला लावला. संध्याकाळी भावजी आले, बघतात तो चार पोरं त्यांच्या चादरीवर! "घर आहे की धर्मशाळा?" म्हणून ओरडले, आणि ओरडता ओरडताच खिडकीला जाळी ठोकायला लागले.

पण सुखानं जगू देतील? परवा नगरपालिकेचा माणूस हजर. "विनापरवाना पाळणाघर! चौकशी होणार, बाई."

अक्कानं मांडीवरचं पोर थोपटत विचारलं, "होऊ द्या. पण भरायचं कोणी?"

तर त्या माणसाचा चेहरा असा खुलला! "त्याची काळजीच नको! मागच्या गोंधळानंतर नियम केलाय ना. यापुढे जो दोषी, त्यानंच भरायचं."

"आणि दोषी सापडलाच नाही तर?"

त्यानं खोलीभर नजर फिरवली. निजलेली पोरं, आणि मध्ये आमची अक्का.

"तेव्हा माणसं फार होती हो," तो म्हणाला. "इथं तुम्ही एकट्याच आहात. सोपं आहे."

अक्का म्हणाली, "मग हळू बोला. पोरं आत्ताच निजलीत."