कोटाच्या आतला शर्ट

माहेर माझं तीर्थपुरी. लग्न होऊन जालन्याला आल्ते, तवापासून इथंच. आमचे हे लोखंडाच्या भट्टीवर कामाला, अन् मी कोट शिवते, भट्टीवाल्यांचेच, जाड कापडाचे, आग लागली तर जागच्या जागी काळं पडतं पण पेटत न्हाई असलं कापड, त्याचा दोराबी वेगळा येतो, साधा चालत न्हाई. काय सांगू तुम्हाला, सुया मोडतात, बोटं भरून येतात, पण काम आवडतं मला.

तर दसऱ्याचं सांगत होते. दसऱ्याला भट्टीची पूजा असती, हार घालायचा, नारळ फोडायचा, सगळे नवे शर्ट घालून जातात, अन् मंग लगेच काम चालू. वरून कोट असतो, पण गुंड्या उघड्या, नवा शर्ट दिसाया पाहिजे ना! मागल्या दसऱ्याला ह्यांच्या जोडीदाराच्या छातीवर लोखंडाचा रस उडाला. कोट माझ्या हातचा, त्याला काही झालं न्हाई, पण आतला टेरिकॉटचा नवा शर्ट वितळून कातड्याला चिकटला. दवाखान्यात गेल्ते मी बघायला. त्याची बायको मला धरून रडली.

अन् यंदा माझा दादा, सख्खा थोरला भाऊ, ह्यांच्यासाठी शर्ट घेऊन आला, चमचम करणारा, तसलाच. हे खूश, लगेच घालून बसले. मी म्हणलं काढा. हे म्हणाले, येडी झाली का, मेव्हण्यानं आणलेला शर्ट सणाला काढू? दादा म्हणाला, राहू दे गं, वरून कोट असतोच की. मंग मी कात्री घेतली बघा, शर्टाच्या खालच्या कडेचा तुकडा कापला अन् काडी लावली. थेंब थेंब गळला, फरशीला चिकटला, अजून निघाला न्हाई. ह्यांनी गुपचूप शर्ट काढला, जुना सुती घातला.

दादा भरल्या ताटावरून उठला. माझ्या आहेराला कात्री लावली बाई तू, म्हणाला, अन् गेला. हे संध्याकाळी धडधाकट घरी आले, त्या दिवशी भट्टीवर काहीच झालं न्हाई. जाऊबाई म्हणते, उगाच भाऊ घालवला.

भाऊबीजेला दादा आला न्हाई. लई रडले मी, लपवायचं काय त्यात. हे रोज म्हणून राह्यले, चल, तीर्थपुरीला जाऊ, माफी माग. जाते की, थोरला हाय, पाया पडते, देव त्याला सुखात ठेवो. पण पुन्हा तसला शर्ट आणला तर पुन्हा कापीन, तेबी त्याच्यासमोरच.