बाळकुमचा गोमा सिमल्यात

हसा तुम्ही, पण सिमल्यात त्या दिवशी माझी कारकुनी जाणारच होती. साहेबाच्या बंगल्यामागच्या उतारावर बर्फावरच्या घसरगाड्यांची शर्यत ठेवलेली. मी बरोबर नेलेला गडी गोमा, जन्म बाळकुमच्या मिठागरात गेलेला. सकाळी बघतो तर उतार काळाभोर, आणि बाजूला बर्फाच्या सात सुबक राशी, वर गवत शाकारलेलं.

"गोमा, हे काय करून ठेवलंस?"

"उघडंच पडलेलं, अप्पा. पावसात विरघळलं असतं."

"अरे, त्यावरून साहेब घसरणार आहेत. मला घरी बसवतील. पसर आधी."

पाहुणे येईपर्यंत आम्ही दोघांनी फावड्यांनी तो सगळा बर्फ पुन्हा पसरला. घाम पुसत गोमा म्हणाला, "साहेबाला तेवढं सांगा, अप्पा. कोणीतरी फसवलंय त्याला. मी चाखलाय, माल अळणी आहे."