उघडं धुराडं

नको, त्या भिंतीतल्या शेगडीपाशी वाकून असा चेहरा करू नकोस बाई – तुझं काम आहे, कर, मोज, फोटो काढ – पण त्यातून वारा येतो हे मला ठाऊक आहे. चांगला भणाणत येतो. तिच्यात आग पेटवून किती वर्षं झाली देव जाणे, धुराडं थेट आभाळापर्यंत उघडं, आणि मी इथे दोन-दोन कार्डिगन चढवून, मांडीवर गरम पाण्याची पिशवी घेऊन. घरमालकाने सांगितलंच असेल तुला – बेरिल हेपवर्थ म्हणजे डोक्यावर पडलेली म्हातारी, फुकट ऊब देतो म्हटलं तरी नाही म्हणते. सांगितलं ना? हसलीस म्हणजे सांगितलं. बस की जरा, रूथ – रूथच ना? छातीवर लिहिलंय, पण चष्मा कुठे ठेवलाय कोण जाणे. चहा टाकू? झाला? कुठे झाला? मागे, जनीनकडे? अच्छा. आधी तिकडे गेलीस होय. बरं. चांगला करते ती चहा. दूध जरा जास्त घालते, पण चांगला करते.

तर काय सांगत होते – घरमालक, फेअरबर्न. पोरगा वाईट नाही हो. त्याच्या आजोबांपासून आम्ही त्यांचे भाडेकरू, आजोबा नाताळात स्वतः गोडाचा डबा घेऊन दारात यायचे, हा मोबाइलवर निरोप पाठवतो, एवढाच फरक. आता कायदाच होतोय म्हणे, घर किती ऊब धरतं त्याचं अक्षर मिळतं, ते वरचं नसेल तर भाड्यानेच द्यायचं नाही. शाळेत पोरांना देतात तशी घरांना अक्षरं! आणि आमचं आपलं शेवटच्या बाकावरचं. पण मी आडमुठी नाही, विचार त्याला. वर माळ्यावर ते पिवळं लोकरीसारखं अंथरायचं म्हणाला, म्हटलं अंथर. दुहेरी काचा, म्हटलं बसव. समोरच्या भिंतीला आतून जाड फळ्या लावल्या, वीतभर खोली खाल्ली त्यांनी, मी ब्र काढला नाही. फक्त ही एक शेगडी. हिच्यावर फळी ठोकायची, धुराड्याला वरून टोपी घालायची, की अक्षर वर चढतं. मी म्हटलं, बाकीचं घर सोन्याने मढव बाबा, पण शेगडीला हात लावायचा नाही. का? – आता तू लीड्सचीच ना? मग तुझ्या आजीला विचार का ते.

आमची ही घरं पाठीला पाठ लावून. पुढचं दार आमच्या गल्लीत, मागचं दार नाहीच – मागे जी भिंत आहे तीच आमच्या लेकीची, जनीनची, मागची भिंत, आणि तिचं दार पलीकडच्या गल्लीत. माझी शेगडी आणि तिची शेगडी पाठीला पाठ. मध्ये एक बिडाचा पत्रा आणि थोड्या विटा. पूर्वी सगळी गल्ली निखारे ढवळायच्या सळईने शेगडीच्या पाठीवर ठोकायची, अगं. तीन ठोके म्हणजे चहा टाकलाय, ये. दोन म्हणजे निजते आता. आणि न थांबता ठोकत राहिलं, तर हातातलं टाकून धावायचं. जनीनला कळा सुरू झाल्या ना, तिचा नवरा कामावर, तिने अशी काही सळई बडवली की मी हाताला कणीक लागलेली तशीच गल्लीला वळसा घालून पळाले, आणि तोवर अर्धी गल्ली माझ्यामागे. फोन होते की घरात! फोन कोण करतंय. फोनवर बोलावं लागतं.

आणि क्लिफच्या वेळी मी बडवली. क्लिफ म्हणजे माझा नवरा. त्याची ती खुर्ची. फेब्रुवारीत गेला, दोन वर्षं होतील आता. छातीच होती त्याची तशी, जन्मभर लोकांच्या घरात भिंतींना कागद लावले, खळ आणि धूळ. फेअरबर्न तेव्हाच मागे लागला होता, भिंती गरम करून देतो, शेगडी बुजवतो. क्लिफ म्हणाला, मी स्वतःच्या हाताने लावलेला कागद झाकणार? माझ्या डोळ्यांदेखत? नाही म्हणजे नाही. त्याच्यापुढे कुणाचं चाललंय? जनीनचंही नाही चाललं, आणि ती त्याची लाडकी. त्या हिवाळ्यात तो या इथे बसून खोकायचा आणि मी शाली घालत राहायचे. मग त्या दिवशी ओठ निळे पडले, मी सळई घेतली... जनीन अनवाणी आली. बर्फातून, अनवाणी. पण काय उपयोग. आणि मातीला गेलो त्या दिवशी, सगळे सँडविच खात होते तेव्हा, माझ्यासमोर उभी राहून म्हणाली, "तू त्याला या थंडीत मरू दिलंस, आई. तू एकदा तरी भांडायचंस." एवढंच. आवाजसुद्धा चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

नको, रुमाल आहे माझ्याकडे. हा बघ, बाहीत असतो.

गेले होते मी तिच्याकडे. नाही कशी! त्या दुखऱ्या खुब्याने, काठी टेकत, केक घेऊन. तिने दार उघडलं, केक घेतला, आणि म्हणाली, "आई, अजून नाही जमत मला." दार लावलं नाही हं तिने. मीच वळले. पण ऐक ना – रोज रात्री निजायच्या आधी मी दोन ठोके देत होते, आणि तिकडून दोन यायचे. एवढा राग, तोंड बघायला नको, पण दोन ठोके यायचेच. ते बोलणं नव्हे ना, म्हणून चालायचं तिला. मग मी आडवी व्हायचे. मला त्याच्यावर झोप लागायची, रूथ. म्हणून ही शेगडी. आता कळलं? फळी ठोकली, वरून आतून ते स्पंज का काय भरलं, की संपलं. मला घराचं अक्षर काय करायचंय?

हो, आता नाही येत. ऑक्टोबरपासून नाही. पण त्यात तिचा दोष नाही, फेअरबर्नने मागच्या रांगेपासून काम काढलं ना, मी ऐकलं की ठाकठूक, चांगली दोन दिवस चालली होती – तिची शेगडी बुजवली, मग ठोकणार कुठे? मी अजून देते माझे. भरलेल्या भिंतीतून पोचत नसतील, पण देते. सवय. म्हणून म्हणते, तिच्या घराला तरी आता झकास अक्षर असेल. काय दिलंस? दाखव की, त्यात काय गुपित – हे मोठं लिहिलंय ते? हेच माझं पण आहे! तुझं चुकलंय काहीतरी. अगं, काचा नव्या, माळा भरला, शेगडी बुजवली, मग –

नाही बुजवली?

ती ठाकठूक खिडक्यांची होती?

तू पाहिलीस. डोळ्यांनी पाहिलीस. आतून विटा दिसतात, उघडी आहे. सळई? तीही आहे. मग तिला – थांब, मला बोलू दे – मग तिला ऐकू येत होतं. रोजचं. सगळा हिवाळा मी ठोकतेय आणि ती तिकडे बसून ऐकतेय. का गं? मी काय केलं ऑक्टोबरात? मी तर कुठे गेले नाही, कुणाला काही – काय म्हणाली? तुला म्हणाली? नीट सांग, तिचेच शब्द सांग. "आईने याही वेळी नाही म्हटलं." फेअरबर्नला. "बाबा गेले तरी तिला अक्कल आली नाही." असं म्हणाली. अगं पण मी तर तिच्यासाठी! तिचे ते दोन ठोके जाऊ नयेत म्हणून नाही म्हटलं, दुसरं कशासाठी! आणि त्याच नाहीपायी तिने ठोकायचंच सोडलं. आई गं. आणि मी बसलेय इथे गारठत.

मग तिने स्वतःची का नाही बुजवून घेतली? फेअरबर्न नको म्हणाला? तीच म्हणाली? "असू दे, पलीकडून आई ठोकते."

असं म्हणाली ती.

थांब जरा. 

तिथेच बसते का ती? शेगडीजवळ? कोच तिथेच ओढलाय. आणि खोकते? किती? तुझ्यासमोर दोनदा म्हणजे... सुका की कफाचा? नाही, तुला काय कळणार, मला विचार ना, मला त्या खोकल्याची जात पाठ आहे. बापाची छाती घेऊन जन्मली ती. लहानपणी हिवाळाभर मी तिला मोहरीच्या पिठाचा लेप लावायचे, रडायची. आणि आता पन्नाशीची बाई त्या भोकासमोर बसते, रात्रीचा तोच वारा अंगावर घेत, माझे ठोके ऐकायला, उत्तर न द्यायला.

लिही. तुझ्या त्या काचेच्या पाटीवर लिही – भाडेकरूची हरकत नाही. बुजवा म्हणावं. टोपी घाला, स्पंज भरा, फळी ठोका, आणि उद्या माणूस मोकळा असेल तर उद्याच. माझं मन बदलायच्या आत. हो, विचार केलाय, मला नको समजावूस, बारीकसं भोक ठेवून ऊब राहत नाही. इकडून आवाज यायचा थांबला की ती तरी कशाला उघडी ठेवील तिची. एक-दोन दिवस वाट बघेल. मग बुजवून घेईल. मग ऊब राहील तिच्या खोलीत.

आणि हे बघ, तिला जाऊन काही सांगायचं नाही. मी रडले बिडले, काही नाही. आईला अक्कल आली म्हणावं, बस. तेवढं ऐकून बरं वाटेल तिला. तुझी पिशवी घे, टेप राहिली बघ तिथे. जा आता. दार घट्ट ओढून घे, कडी नीट बसत नाही. जा ना, बाई.