सरलाचं शेवटी काय झालं

रेडिओवरच्या एका जुन्या हिंदी मालिकेचा शेवटचा भाग आता कुठेच उरलेला नाही. तो पुन्हा बसवायला झाशीतल्या नव्या कम्युनिटी रेडिओने आठवणी सांगणाऱ्यांना बोलावलं होतं. स्टुडिओबाहेर माझ्या शेजारी बसलेल्या, झाशीतल्याच नगरा भागातल्या गोपाळराव आणि इंदूताईंनी एका घरातून दोन शेवट आणले होते.

“नायिका होती ती. सरला सासरी परतली.”

“अहो, शाळेत नोकरीला लागली ती. उगाच परत पाठवू नका.”

“मी रेडिओला कान लावून ऐकलंय, इंदू.”

“कान लावून घोरत होतात. मी पुऱ्या तळताना ऐकलं.”

“कढईच्या आवाजात?”

“तुमच्यापेक्षा कढई हळू बोलते. आत जाऊन भलतंच सांगाल आणि बिचारी जन्माची त्या सासूकडे अडकेल!”

समोरच्या पांढऱ्या केसांच्या बाई खुदकन हसल्या.

“भाईसाहब, सरला मैं ही बनी थी।”

“अरे देवा! तो बहनजी, आप ही बताइए, कहाँ गई थीं?”

“याद होता तो यहाँ सुनने क्यों आती?”

“दीदी, नौकरी कर लीजिए,” इंदूताईंनी त्यांचा हातच धरला.

“चलो, कर ली। पर सास से कौन कहेगा?”

“मी सांगतो,” गोपाळराव म्हणाले.