एका बाहीची ट्रायथलॉन

हॅलो? … हॅलो, ताई? मीच. ऐक, मध्ये बोलू नकोस. माणसाच्या आयुष्याचे दोनच भाग असतात, एक ट्रायथलॉनच्या आधीचा आणि एक… आई गं! … नाही, काही नाही, पोटरीत गोळा आला. थांब, जमिनीवर बसते. … हां, बसले. आता उठता येणार नाहीये, पण तो पुढचा प्रश्न.

झाली! … काय झाली म्हणून काय विचारतेस, ट्रायथलॉन! पूर्ण! साडेसातशे मीटर पोहणं, वीस किलोमीटर सायकल, पाच किलोमीटर पळणं. शेवटची रेघ ओलांडली, पदक गळ्यात आहे, दातांनी चावूनही पाहिलं. … नाही, रंग नाही गेला. थोडा गेला.

हो… हो… म्हणूनच तर तुला पहिला फोन. बावीस वर्षं ऐकवतेयस ना, हिनं एक गोष्ट कधी तडीला नेली नाही म्हणून? गिटार सहा महिने, जर्मन नवव्या धड्यापर्यंत, गाडी शिकले ती फक्त पुढे न्यायला… हो, रिव्हर्स अजून नाही येत. आणि तो स्वेटर! … माहितीये, एकाच बाहीचा. माहितीये, तुझ्या कपाटात आहे. आल्यागेल्याला काढून दाखवतेस, तेही माहितीये. तर आता शब्द पाळ. तूच म्हणाली होतीस, ही शर्यत पुरी केलीस तर दुसरी बाही मी विणून देईन आणि जन्मात पुन्हा तो विषय काढणार नाही. शाळेत गणित शिकवणाऱ्या बाईनं शब्द फिरवू नये.

सांगते, सगळं सांगते. पोहणं… तळ्याचं पाणी कसलं गार! शिट्टी वाजली आणि माझ्या चष्म्यावर वाफ. काही दिसेना. एका केशरी टोपीमागे मुकाट पोहत गेले. जवळ गेल्यावर कळलं, टोपी नव्हे, खुणेचा फुगा दोरीनं बांधलेला. त्याला धडकून वर ‘सॉरी’ म्हणाले. … अगं सवय! होडीतला माणूस दोनदा विचारून गेला, ‘मॅडम, ठीक आहात ना?’ तिसऱ्यांदा विचारलंच नाही, नुसता शेजारून वल्हवत राहिला. … नाही बुडाले! बुडाले असते तर हा फोन कुणी केला असता?

मग सायकल. अगं ऐक ना, खरी मजा तिथेच! तळ्याभोवती पाच-पाच किलोमीटरच्या चार फेऱ्या. ज्याच्या त्यानं मोजायच्या. … विश्वासावर, हो. आणि माझं तुला माहितीये, तीनच्या पुढे मोजायला लागले की मला गॅस बंद केला का ते आठवतं. म्हणून शक्कल लढवली. ऑफिसात फायलींना लावतो ना, ती पिवळी रबरं? चार मोजून हॅण्डलला अडकवली. फेरी झाली की एक काढायचं, खिशात टाकायचं. हॅण्डलवरची रबरं संपली की फेऱ्या संपल्या. डोकं लावायचंच नाही! … बघ, गणिताच्या बाईलाही पटलं.

आणि काय चालवली म्हणतेस! पाण्यातून निघाले तेव्हा माझ्यामागे फक्त एक दाढीवाले आजोबा आणि ती होडी. सायकलवरून उतरले तेव्हा निम्मे लोक माझ्या मागे! … शपथ! सायकली टांगायची दांडी निम्मी रिकामी. मला पोहायला शिकवलं ती बाईसुद्धा आली नव्हती! म्हटलं, हे पाय माझेच ना? आणि कठड्याला टेकून हे ओरडताहेत, एक बोट वर करून, ‘एक! एक!’ … आमचे हे गं! ज्यांचा आवाज मला शेजारच्या खोलीत ऐकू येत नाही! पहिला नंबर म्हणताहेत असं वाटून मला भरूनच आलं. हवेत चुंबन फेकलं त्यांच्याकडे. … हो, चारचौघांत. … ते? डोक्याला हात लावून खालीच बसले. लाजले.

पळण्याचं विचारू नकोस. बाळाच्या ढकलगाडीनं मागे टाकलं मला. बाळानं टाटा केला.

फोटो मिळाला ना? … अगं तोंड काय बघतेस, पदक बघ! … केस? केसांचं काय? … ओले होते, डोळ्यांत येत होते, हेल्मेट बसेना, म्हणून सायकलवर बसायच्या आधी घाईघाईत बांधले. … कशानं म्हणजे? हाताला लागलं त्यानं. … पिवळं?

…

थांब.

थांब, खिसा बघते. एक. दोन. तीन. … उलटा केला गं खिसा! तीनच. … हो. डोक्यात. लागलं हाताला. केस ओढतंय. चौथं डोक्यात आहे.

ताई, हसू नकोस. … ताई! … मलाही हसू येतंय आणि हसलं की पोटरी दुखते! ‘एक’ म्हणजे एक फेरी राहिलीये! आणि मी त्या माणसाला चुंबन फेकलं!

… नाही. नाही गं. कुणाला कळणार नाही म्हणजे काय? तुला कळलं. यांना कळलंय. आता मलाही कळलं. … कमाल आहे तुझी, जन्मात पहिल्यांदा मला ‘चालतंय’ म्हणालीस, तेही नेमकं आज! … काय? … बाही? कधी सुरू केलीस? … मी नाव दिलं त्याच दिवशी? … म्हणजे तुला वाटत होतं की मी… … रडत नाहीये, कानातलं पाणी आहे तळ्याचं. किती झालीये? … पाऊण?

मग सुया खाली ठेव. एक टाका घालायचा नाही. मी ती फेरी मारून येते, मग पुढची वीण. … आत्ता! … उठतेय ना, झाडाला धरून. … रस्ता खुला केला असेल तर असू दे, सिग्नलला थांबेन. आता घाई कुणाला आहे? आणि आधी हे पदक त्यांच्या टेबलावर परत. अर्धवट कामाचं पदक मी गळ्यात मिरवणार नाही. … बरं, पाऊण कामाचं. सवय जात नाही तुझी.

हे आलेच सायकल घेऊन. … अहो, चौथी फेरी! … माहितीये, तुम्हाला माहिती होतं! धरा, हे पदक धरा जरा… ताई, एक मिनिट हं. … अहो, तुमच्या गळ्यात काय आहे?

… नाही ताई, काही नाही. हे नुसते शेवटच्या रेघेपाशी केळ्यांच्या रांगेत उभे होते. त्यांनाही पदक दिलंय.